गीझरचं बिल आणि बाईचं गार पाणी

२०२५ च्या संक्रांतीनंतरची गोष्ट. रथसप्तमी जवळ आली होती आणि आमच्या गल्लीत हळदीकुंकवाची गडबड चालू होती. एरवी अशा वेळी कोणी काय वाण लुटलं, कोणाची साडी कुठून आणली, याच्या गप्पा होतात. त्या दिवशी मात्र सगळ्याजणी एकाच विषयावर बोलत होत्या, विजेचं बिल! कोणी म्हणाली, ‘मीटर पळतंय.’ कोणी म्हणाली, ‘आता ते नवीन मीटर बसले की आणखी पळेल.’ आमच्या शेजारच्या वहिनी मात्र गप्प होत्या. निघताना हळूच म्हणाल्या, ‘आमच्याकडे आठवडा झाला, मी गार पाण्यानेच आंघोळ करतेय.’

मी चमकलेच. जानेवारीची थंडी, त्यात वहिनी पहाटे पाचला उठणाऱ्या. विचारलं तर सगळं बाहेर आलं. ऑक्टोबरात आठशेच्या आत असलेलं बिल साडेचौदाशेच्या वर गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘तो गीझर काढूनच टाका.’ भाऊजी म्हणाले, ‘तू बटण बंद करायला विसरतेस.’ मुलगा काहीच म्हणाला नाही, तो बाथरूममध्ये होता! आणि वहिनींनी काय केलं? आपण बायका नेहमी करतो तेच. कोणाशी वाद न घालता स्वतःचं गरम पाणी बंद करून टाकलं.

मैत्रिणींनो, यातलं काहीच आपल्याला नवीन नाही. दूध कमी पडलं की आपला चहा कोरा होतो, भाजी कमी पडली की आपण लोणच्यावर जेवतो. पण त्या दिवशी मला वाटलं, की वहिनींनी एवढी शिक्षा भोगली ती कोणत्या गुन्ह्यासाठी, हे तरी एकदा बघू या. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बिल, पेन्सिल आणि एक जुनी वही घेऊन बसलो. त्यातून जे कळलं, ते प्रत्येक घरात कळायला हवं असं वाटतं, म्हणून आज हे लिहितेय.

बिलात काय दडलंय?

आधी बिल उलटून मागची बाजू वाचा. आपण सगळ्या फक्त शेवटची रक्कम आणि भरायची तारीख बघतो. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात. पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत, दुसरा १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ या वर्षी पहिल्या टप्प्यात युनिटला ४ रुपये ७१ पैसे वीज आकार होता. दुसऱ्या टप्प्यात तोच १० रुपये २९ पैसे! त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. हिशोब केला तर पहिल्या शंभरातलं एक युनिट साधारण पावणेसात-सात रुपयांना पडलं आणि शंभराच्या पुढचं एक युनिट सव्वातेरा रुपयांच्या पुढे. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार हे आणखी वेगळे.

दर दरवर्षी बदलतात, तेव्हा तुमच्या हातातल्या बिलावरचे आकडे बघूनच हिशोब करा. पण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात दुपटीच्या आसपास अंतर असतं, ही मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळजणींना वाटतं, की शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. पहिली शंभर युनिटं खालच्याच दराने लागतात, फक्त वरची युनिटं महाग पडतात. म्हणून १०१ आकडा दिसला तर घाबरायचं कारण नाही. पण १४८ दिसला, तर त्या ४८ युनिटांकडे मात्र नीट बघायला हवं.

वहिनींच्या बिलात नेमके १४८ युनिट होते. ऑक्टोबरात होते ९२. म्हणजे युनिट वाढले दीडपटीहून थोडे जास्त, पण पैसे जवळजवळ दुप्पट झाले. मीटर पळालं नव्हतं, वहिनींचं घर दुसऱ्या टप्प्यात गेलं होतं. आणि असं घर दुसऱ्या टप्प्यात ढकलणारी वस्तू कोणती? दिवे, पंखा, टीव्ही, फ्रीज, मिक्सर यांवर चालणारं लहान गावातलं घर बहुतेक वेळा शंभराच्या आसपास राहतं. थंडीत तर पंखेही बंद असतात. मग उरतो तो गीझरच. त्याची युनिटं ही शंभराच्या वरची, म्हणजे महागातली युनिटं असतात. हे उलटं वाचलं तर मात्र दिलासा आहे. गीझरचं वाचलेलं प्रत्येक युनिटही महागातलंच वाचतं!

एका बादलीचा हिशोब

आता गीझर किती खातो? इथे पुष्कळदा चूक होते. लोक म्हणतात, ‘दोन हजार वॉटचा गीझर, तासाला दोन युनिट, रात्रभर राहिला तर सोळा युनिट!’ तसं होत नाही. टाकीच्या गीझरला थर्मोस्टॅट असतो. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की तो वीज तोडतो, म्हणूनच लाल दिवा विझतो. मग खरा खर्च कशाचा? तर पाण्याचा. किती लिटर पाणी किती अंशांनी तापवलं, यावर सगळं ठरतं.

हिशोब अगदी सोपा आहे. पाणी किती लिटर, त्याला गुणायचं किती अंशांनी तापवलं, आणि आलेल्या आकड्याला ८६० ने भागायचं. जे उत्तर येईल तेवढे युनिट. थंडीत नळाचं पाणी २० अंशांचं धरू, आंघोळीला लागतं ४० अंशांचं. पंधरा लिटरची बादली. पंधरा गुणिले वीस म्हणजे तीनशे, भागिले ८६०, आलं साधारण पाव युनिटाच्या वर, ०.३५. शंभराच्या पुढच्या दराने एका बादलीला साडेचार रुपयांच्या थोडं वर. हे पाणी गीझरमध्ये तापवा, नाहीतर रॉड टाकून तापवा, युनिट तेवढेच जातात. ‘रॉडला वीज कमी लागते’ हा दुसरा गैरसमज. रॉड कमी वॉटचा असतो, म्हणून त्याला वेळ जास्त लागतो, एवढंच.

आता ऐका गंमत. आम्ही वहिनींच्या शॉवरखाली बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. पंधरा लिटरची बादली दोन मिनिटांत भरली. चिरंजीव शॉवरखाली किती वेळ असतात? ‘दहा मिनिटं तरी,’ वहिनी म्हणाल्या. म्हणजे पाच बादल्या! एका आंघोळीला पावणेदोन युनिट, महिन्याला बावन्नच्या आसपास. उरलेल्या तिघांच्या बादल्या मिळून महिन्याला एकतीस-बत्तीस. म्हणजे आजी, बाबा आणि आई या तिघांना मिळून जेवढी वीज लागत होती, त्याच्या दीडपटीहून जास्त एकट्याच्या शॉवरला जात होती. आणि गार पाणी कोणाच्या वाट्याला आलं होतं? सगळ्यात आधी उठणारीच्या. तिने एक बादली सोडली, त्यातून महिन्याला दहा युनिट वाचणार होते!

वहिनी त्या वहीकडे बघत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, ‘म्हणजे मी बटण विसरत होते, हा मुद्दाच नव्हता की हो!’

विसरण्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही, पण तो केवढा हे मोजायला हवं. तापलेलं पाणी टाकीत पडून राहिलं की हळूहळू गार होतं आणि गीझर ते पुन्हा तापवतो. चांगल्या, स्टार असलेल्या २५ लिटरच्या गीझरचं असं दिवसभराचं नुकसान साधारण अर्धा ते एक युनिट असतं, जुन्याचं त्याहून जास्त. एखाद्या दिवशी बटण राहिलं म्हणून बिल दुप्पट होत नाही. रोजच राहिलं, तर महिन्याला पंधरा ते तीस युनिट मात्र जातात. शिवाय थर्मोस्टॅट बिघडलेला असेल तर पाणी उकळत राहण्याचा धोका आहे. तेव्हा बटण बंद करायलाच हवं, पण ते काम एकट्या बाईचं का? जो शेवटी बाहेर येईल त्याचं.

गार पाण्याने न नाहता काय करता येईल?

पहिलं, शॉवरऐवजी बादली. एवढ्या एकाच गोष्टीत सगळ्यात जास्त बचत आहे. शॉवर हवाच असेल तर अंग भिजवून बंद, साबण लावून झाला की पुन्हा चालू. तीन मिनिटं पुरतात.

दुसरं, वेळ. पंधरा लिटरचा दोन हजार वॉटचा गीझर २० अंशांचं पाणी ६० पर्यंत न्यायला वीस-बावीस मिनिटं घेतो, पंचवीस लिटरचा पस्तीस मिनिटं. तेवढाच वेळ आधी लावा, तासभर आधी नको. घरातल्या आंघोळी एकापाठोपाठ एक होऊ द्यात. सहाला एक, साडेसातला दुसरी, नऊला तिसरी असं झालं की मधल्या वेळात पाणी गार होतं आणि पुन्हा तापतं. आणि शेवटचा माणूस आंघोळीला जाण्याआधीच बटण बंद करा. टाकीत असलेलं गरम पाणी त्याला पुरतं. नाहीतर त्याची आंघोळ चालू असताना गीझर नवीन पाणी तापवत राहतो आणि ते दिवसभर कोणीही न वापरता गार होतं. ही सवय लावायला एक पैसा लागत नाही.

तिसरं, तापमान. काही गीझरना काटा असतो, तो ७५ वर ठेवलेला दिसतो. तो ६० च्या आसपास आणा. आपण त्यात गार पाणी मिसळूनच घेतो, मग उकळतं पाणी साठवून करायचं काय? घरात लहान मूल असेल तर भाजण्याचा धोकाही कमी होतो.

चौथं, क्षार. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते. वर्ष-दोन वर्षांनी जाणकार माणसाकडून साफ करून घ्या. त्याच वेळी अर्थिंग तपासायला सांगा आणि घरात गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, तेही विचारा. बचतीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. रॉड वापरणाऱ्यांनी तर बटण बंद करून, पिन काढूनच बादलीत हात घालायचा, यात सवलत नाही.

नवीन गीझर घ्यायचाच असेल तर दुकानदार तीन लिटरचा इन्स्टंट दाखवील. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला वीज तेवढीच लागते. फक्त पाणी साठून गार होण्याचं नुकसान त्यात नसतं. भांडी घासायला, एखाद्या बादलीला तो बरा. पण तो बहुधा तीन हजार वॉटचा असतो, म्हणजे तेरा अँपिअर करंट ओढतो. जुन्या घरातली बारीक वायर आणि साधा प्लग त्याला चालत नाही. टाकीचा घ्यायचा असेल तर घरातल्या माणसांपुरताच घ्या, आणि स्टारचं लेबल बघून घ्या.

गॅस स्वस्त की वीज?

हा प्रश्न हळदीकुंकवातही निघालाच. याचंही उत्तर टप्प्यात आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. शेगडीवर पातेलं ठेवून पाणी तापवलं तर थोडी उष्णता इकडेतिकडे जाते. ती सोडून एक सिलिंडर साधारण ११० युनिट विजेएवढं पाणी तापवतो. तुमच्या गावातला सिलिंडरचा भाव घ्या आणि ११० ने भागा. सिलिंडर ८८० रुपयांना मिळाला, तर गॅसचं ‘युनिट’ आठ रुपयांना पडलं. आता बिलाशी ताडून बघा. तुमचं घर शंभर युनिटांच्या आत असेल तर वीज स्वस्त, शंभराच्या पुढे गेलं तर गॅस स्वस्त. शेजारणीचं खरं ते आपल्याला खरं असेलच असं नाही, ते असं!

पण उकळतं पातेलं ओट्यावरून न्हाणीघरात नेताना भाजल्याच्या घटना घरोघरी आहेत, ते ध्यानात ठेवा. आणि गॅस गीझर असेल तर तो बंद बाथरूममध्ये अजिबात नको. हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेलं माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतं, जीवही जातो. असा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

आपल्या आज्यांच्या घरी बंब होता. कोकणात अजूनही पुष्कळ घरी आहे. झावळ्या, करवंट्या, लाकडाच्या ढलप्या यांवर घरभराचं पाणी तापतं, मीटर फिरत नाही. पण पहाटे उठून तो पेटवायचा कोणी आणि धूर कोणाच्या डोळ्यांत जायचा, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ‘जुनं तेच बरं’ म्हणताना बरं कोणाला, हे विचारावं.

नवे मीटर, नव्या योजना

आता थोडं घराबाहेरचं. स्मार्ट मीटरवरून राज्यात बराच गदारोळ झाला. सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं. त्यानंतर महावितरणने ‘टीओडी’ मीटर बसवायला घेतले. यात बिल आधीसारखंच वापरानंतर येतं, पण कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद होते. जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली.

ऐकायला छान आहे. पण घरातल्या आंघोळी कधी होतात? नऊच्या आधी! शाळा, कॉलेज, ऑफिस, दुकान, सगळं नऊच्या आत आटपायचं असतं. मग ही सवलत गीझरला किती मिळणार? घरी असणाऱ्या सासूबाईंची आंघोळ, आपलं न्हाणं, गरम पाण्याचं कपड्यांचं मशीन, एवढं नऊनंतर करता येईल. महिन्याला वीस युनिट असे हलवले तर वीस रुपये सुटतील. वाईट नाही, पण शॉवरच्या चार बादल्या वाचवल्या तर साडेपाचशे सुटतात. कोणत्या वेळी वापरलं, यापेक्षा किती वापरलं आणि आपण कोणत्या टप्प्यात आहोत, हेच आपल्या बिलात जास्त बोलतं.

दुसरी चर्चा सूर्यघर योजनेची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या योजनेत छतावर वीज तयार करण्याचे पॅनेल बसवायला अनुदान आहे. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्त असेल तर ७८ हजार रुपये. पण एक घोटाळा होतो, तो सांगते. ही योजना वीज तयार करण्याची आहे, पाणी तापवायच्या सोलर बंबाची नाही. सोलर बंब वेगळा, त्याचा खर्च वेगळा. चार-पाच माणसांचं, स्वतःचं छत असलेलं आणि बाराही महिने गरम पाणी लागणारं घर असेल तर शंभर लिटरचा सोलर बंब चांगली सोय आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, फ्लॅटच्या मधल्या मजल्यावरच्यांना मात्र दोन्हींचा उपयोग कठीण. ज्यांना महिन्याचे पाचशे रुपये खरोखर जड जातात, त्यांच्याकडेच बहुधा स्वतःचं छत नसतं. योजना आखणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

तोवर आपल्या हातात वही आणि पेन्सिल आहे. एका सकाळी आंघोळी सुरू व्हायच्या आधी मीटरचा आकडा लिहा, संपल्यावर पुन्हा लिहा. आठ दिवस असं करा. ती वही फ्रीजवर अडकवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी. ‘तू विसरतेस’, ‘मी नाही वापरत’ ही भांडणं आकड्यांपुढे आपोआप मिटतात.

वहिनींकडे तसंच झालं. वही दाखवल्यावर मुलगा आधी रुसला, मग बादली घेऊ लागला. त्याच्या चार बादल्या वाचल्या, म्हणजे महिन्याला बेचाळीस युनिट. पुढचं बिल ११२ युनिटचं आलं. थंडीही थोडी ओसरली होती, हे कबूल करायला हवं. पण त्या महिन्यात वहिनी रोज गरम पाण्याने आंघोळ करत होत्या, हेही त्या बिलातच होतं.

परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘आता गीझर मी लावते, आणि पहिली बादली माझी. बंद करायचं काम शेवटच्याचं.’ शेवटी कोण जातं, हे विचारायची गरजच नव्हती. आतून चिरंजीवांचा आवाज आला, ‘आई, बटण बंद केलं गं!’